पट्टीचा हुकूम

सावरखिंडच्या महिला कारागृहात गरोदर बायकांच्या पोटावर पट्टी लावायची असं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी हौसेनं पुढे झाली ती समृद्धी बोरस्ते.

तिला हौस वाटली यात नवल नव्हतं. पहिलंच बाळंतपण, सहावा महिना लागलेला, आणि त्यातला निम्मा काळ गजाआड गेलेला. कारागृहाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, लोहाच्या गोळ्या वाटायचे आणि ‘काही त्रास?’ असं विचारून उत्तर यायच्या आत पुढच्या बाईकडे वळायचे. पोटातलं बाळ नीट आहे की नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी ती कुशीवर वळून बाळाच्या लाथेची वाट बघायची. लाथ बसली की उठायची.

पट्टी घेऊन स्वतः डॉक्टर उत्तरा मिरीकर आल्या होत्या. पट्टी त्यांनीच तयार केलेली. तळहाताएवढा, पापडासारखा पातळ, मऊ तुकडा. त्यात मोहरीहून बारीक स्फटिक ओळीनं बसवलेले. हे स्फटिक थरथरले की माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात शिरायचा आणि वाहत्या रक्तावर आपटून परत यायचा. परतताना त्याचा सूर किंचित बदललेला असायचा. त्या बदलावरून रक्त कुठे जोरात चाललंय, कुठे अडतंय, हे पट्टीला कळायचं. सोनोग्राफीच्या खोलीत काही मिनिटं जे चालतं, तेच ही पट्टी दिवसभर आणि रात्रभर करायची.

“बाळाला रक्त पोचवते ती वार,” डॉक्टर समजावून सांगत होत्या. “वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दिवस जसजसे भरतात तशा सैल पडायला हव्यात. काही बायकांच्या त्या सैल पडतच नाहीत. मग शरीर जोर लावतं, बीपी चढतं, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि शेवटी झटके येतात. डोकं दुखायला लागेपर्यंत बाईला पत्ताही नसतो. बागेतल्या नळीवर कुणी पाय ठेवला की पाण्याचा आवाज बदलतो ना, तसा रक्ताचा आवाज आधीच बदललेला असतो. तो ही पट्टी ऐकते.”

“आणि ऐकून काय करते?” समृद्धीनं विचारलं.

“पट्टीची ही कड हिरवी असेल तर सगळं ठीक. पिवळी झाली तर डॉक्टरांनी वरचेवर तपासायचं. लाल झाली तर लगेच रुग्णालय. इथल्या नियंत्रण खोलीतही वाजतं आणि पुण्याच्या आमच्या केंद्रातही.”

मग त्यांनी एक छोटं यंत्र तिच्या कानाशी धरलं. आत टापांसारखी घाईघाईची धडधड चालू होती. डॉक्टरांनी यंत्र काढून घेतलं तरी तिचा हात कानापाशीच राहिला.

बराकीत दुसरी गरोदर बाई होती जानकी पावरा. सातपुड्याच्या पायथ्याची. जंगल खात्याच्या माणसांशी गावाची मारामारी झाली, त्यात नाव आलेलं. तिच्याकडे वकील नव्हता, भेटायला कुणी येत नव्हतं आणि मराठी ती शब्द शोधून शोधून बोलायची. पट्टीला ती आधी नाहीच म्हणाली. समृद्धीनं तिला आपल्या पट्टीची हिरवी कड दाखवली, धडधड कशी ऐकू येते ते हातानं वाजवून दाखवलं, तेव्हा कुठे तिनं पदर बाजूला केला. धडधड ऐकल्यावर मात्र तिनं यंत्र डॉक्टरांना परत द्यायला बराच वेळ लावला.

“पोरगं घाईत आहे,” ती म्हणाली.

---

समृद्धीच्या जामिनाची सुनावणी त्यानंतर आठवड्याभरानं झाली.

तिची केस अशी. द्राक्षांच्या एका मोठ्या शीतगृहात ती पाळीप्रमुख होती. एके दिवशी अमोनिया गळला. बाकीचे बाहेर पडले, पण भास्कर जगधने नावाचा कामगार आतल्या खोलीत अडकला आणि गुदमरून गेला. मालक जामिनावर सुटला. त्या पाळीची जबाबदारी समृद्धीच्या नावावर होती, म्हणून ती आत राहिली.

विधी साहाय्य केंद्राच्या वकील नजमा तडवी तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. आरोपी बाई असेल, त्यातून गरोदर असेल, तर जामिनाचा विचार व्हावा ही तरतूद कायद्यात जुनीच होती. बाळंतपण होता होईल तो कारागृहाबाहेर व्हावं, असंही वरच्या न्यायालयानं कधीच सांगून ठेवलेलं. नजमाताईंना खात्री होती. कोर्टात जाताना त्या समृद्धीला म्हणाल्या होत्या, “नवऱ्याला गाडी घेऊन यायला सांगून ठेव.”

सरकारी वकील उठले आणि त्यांनी पट्टीचं चित्र पडद्यावर लावलं.

“आरोपीच्या प्रकृतीवर दिवसरात्र यंत्राची नजर आहे,” ते म्हणाले. “तिच्या गावातल्या किती बायकांना ही सोय आहे? घरी गेली तर पट्टी निघेल, तपासणी थांबेल. बाळाच्या दृष्टीनंच बघायचं तर ती आज जिथे आहे तिथेच जास्त सुरक्षित आहे.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून पडद्याकडे बघितलं. त्यांनाही ते पटलेलं दिसलं. जामीन नाकारला गेला.

परतीच्या गाडीत समृद्धी पोटावर हात ठेवून बसली होती. साडीखाली पट्टी हिरवी होती. जी तिनं इतक्या हौसेनं लावून घेतली होती, त्या पट्टीनंच तिच्या सुटकेचं दार बंद केलं होतं.

राज्यभर तसंच होऊ लागलं. नजमाताई पुढच्या भेटीत सांगत होत्या, की जिथे जिथे पट्टी पोचली तिथे तिथे गरोदर बायकांचे जामीन अडायला लागले. सगळीकडे एकच वाक्य लिहिलं जात होतं. आरोपीस अत्याधुनिक वैद्यकीय देखरेख उपलब्ध आहे.

---

जानकीची पट्टी लाल झाली ती सकाळच्या चहाच्या वेळी.

आधी बारीक शिट्टीसारखा आवाज आला. कुणाला वाटलं स्वयंपाकघरातून येतोय. मग जानकीनं लुगडं सरकवलं आणि बराकीतल्या सगळ्या बायकांना ती लाल कड दिसली. जानकीला तेव्हा काहीसुद्धा होत नव्हतं. हातात चहाचा पेला होता.

हवालदार वैजयंता धोत्रे धावत आल्या. धोत्रेबाई तशा कडक, पण मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी नियंत्रण खोलीत फोन लावला. तिथे आधीच वाजलं होतं. पुण्याहूनही फोन आला होता. सगळ्यांना कळलं होतं. आता अधीक्षकांची परवानगी हवी होती, अधीक्षक शेवडे जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत होते. कैद्याला बाहेर न्यायला पोलीस पथक हवं होतं, पथक मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला गेलं होतं. रुग्णवाहिका येऊन दाराबाहेर उभी राहिली. दाराच्या आत जानकी उभी होती. मधलं दार उघडायचा अधिकार तिथे हजर असलेल्या कुणालाच नव्हता.

“मॅडम, दार उघडा ना,” समृद्धी म्हणाली.

“माझ्या हातात असतं तर उघडलं नसतं का?” धोत्रेबाई म्हणाल्या, आणि पुन्हा फोन लावला.

उन्हं वर आली तशी जानकीनं डोकं धरलं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. दुपारी तिला पहिला झटका आला. समृद्धीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, दातांमध्ये काही घालू नका म्हणून ओरडणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांचा आवाज धोत्रेबाईंच्या फोनमधून येत होता. पथक पोचलं, सह्या झाल्या, दार उघडलं आणि जानकीला नेलं. नेताना एका शिपायानं तिच्या मनगटात बेडी अडकवली. ती बेशुद्ध होती.

जानकी वाचली. बाळ वाचलं नाही.

काही दिवसांनी ती बराकीत परत आली तेव्हा तिच्या मनगटावर बेडीचा वळ होता. रुग्णालयातसुद्धा पलंगाला अडकवून ठेवली होती, असं तिनं सांगितलं. समृद्धीच्या शेजारी अंथरूण घालून ती भिंतीकडे तोंड करून पडली. समृद्धीच्या पट्टीची हिरवी कड तिला दिसू नये म्हणून समृद्धी त्या दिवसांत उकाड्यातही चादर लपेटून बसायची.

---

डॉक्टर मिरीकर पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. समृद्धीनं त्यांना बसूही दिलं नाही.

“डॉक्टर, तुमच्या पट्टीमुळे मला जामीन मिळाला नाही.”

त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी समृद्धीला भेटायला आलेल्या नजमाताईंनी निकालाची प्रत पुढे केली. त्या उभ्याउभ्याच वाचत गेल्या, आणि अत्याधुनिक देखरेखीच्या वाक्यापाशी थांबल्या.

“हे असं वापरतील असं वाटलं नव्हतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पट्टीनं तर बरोबर सांगितलं होतं. जानकीच्या वेळी एका क्षणाचीही चूक झाली नाही तिची.”

“तेच म्हणते मी. तिनं बरोबर सांगितलं. ऐकणाऱ्याला दार उघडता येत नव्हतं.” समृद्धी म्हणाली. “शीतगृहात आमच्याकडे नियम होता. अमोनियाचा भोंगा वाजला की आतल्या खोलीचं कुलूप आपोआप सुटायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाची किल्ली नाही. मालकानं चोऱ्या होतात म्हणून ती तार काढून टाकली होती. मी दोनदा सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. भास्करदादा गेले तेव्हा भोंगा वाजत होता. सगळ्यांना ऐकू येत होता.”

डॉक्टरांनी हातातली निकालाची प्रत मिटली.

“तुमची पट्टी पुण्याला सांगते,” समृद्धी म्हणाली. “तिला दाराला सांगता येणार नाही का?”

नजमाताईंच्या ध्यानात आधी आलंच नाही. आलं तेव्हा त्या हसल्या. “म्हणजे तुरुंगाचं दार एका पोटाच्या सांगण्यावरून उघडायचं?”

“दार विजेच्या कुलुपाचं आहे,” डॉक्टर म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. “नियंत्रण खोलीतूनच चालतं. आमचा इशाराही त्याच खोलीत येतो. जोडायला एका दुपारचं काम आहे.” मग त्या खुर्चीत बसल्या. “पण ते कुणी जोडू देणार नाही. आणि मी कोर्टात येऊन माझ्याच यंत्राविरुद्ध बोलले, तर बाकीच्या राज्यांत ते जाणार होतं तेही थांबेल.”

“यंत्राविरुद्ध नाही बोलायचं,” नजमाताई म्हणाल्या. “यंत्राच्या नावावर जे चाललंय त्याविरुद्ध बोलायचं.”

डॉक्टरांनी तेव्हा हो म्हटलं नाही. समृद्धीची पट्टी तपासून त्या निघून गेल्या. पण आठवड्याच्या आत नजमाताईंनी उच्च न्यायालयात याचिका दाखल केली, तेव्हा तिच्यासोबत डॉक्टर उत्तरा मिरीकर यांचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं होतं. याचिकाकर्त्या दोन होत्या. समृद्धी बोरस्ते आणि जानकी पावरा. जानकीनं अंगठा नाही उमटवला. समृद्धीकडून आपलं नाव गिरवायला शिकून तिनं सही केली.

---

सरकारकडून निरोप आला तो याचिकेची तारीख जवळ आल्यावर. याचिका मागे घ्या, समृद्धीच्या जामिनाला आम्ही विरोध करणार नाही.

समृद्धीचा नवरा प्रथमेश भेटीला आला तो हाच निरोप घेऊन. काचेच्या पलीकडे बसला, फोन कानाला लावला. शीतगृहाचा प्रसंग झाल्यापासून तो फार वाळला होता.

“समू, आईनं मागची खोली रंगवून घेतलीये,” तो म्हणाला. “एक सही कर आणि घरी ये.”

“आणि जानकी?”

“जानकी तुझी कोण लागते?”

“शेजारी झोपते माझ्या.”

“मी इथे रोज मरतोय,” प्रथमेशचा आवाज चढला. “माझं बाळ आहे ते. तुला कोर्टकचेरी सुचते कशी?”

समृद्धीनं त्याला सांगितलं नव्हतं, ते तेव्हा सांगितलं. तिची पट्टी पिवळी झाली होती. त्या सकाळीच.

त्यानं काचेवर हात टेकवला आणि फोन खाली ठेवून दिला. पुन्हा उचलला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. “मग तर ये ना गं.”

समृद्धीला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं. घरी जावंसं तिला वाटत नव्हतं असं नाही. मागच्या खोलीच्या खिडकीतून आंबा दिसतो, हे तिला माहीत होतं. पण डॉक्टरांनी तिला पिवळ्याचा अर्थ नीट सांगितला होता. पिवळा म्हणजे अजून दिवस आहेत, आणि लाल झाल्यावर वेळेत नेलं तर आई आणि बाळ दोघंही वाचतात. वेळेत, यावरच सगळं होतं. आज सही करून ती बाहेर पडली असती तर तिच्यामागे ज्या बाईच्या पोटावर पट्टी लागली असती, तिच्यापुढे तेच बंद दार असतं.

“सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे,” ती म्हणाली. “तेवढी होऊ दे. मग तू म्हणशील ते.”

प्रथमेश उठून गेला. जाताना त्यानं मागे वळून बघितलं नाही.

---

सुनावणीच्या दिवशी समृद्धी आणि जानकी कारागृहाच्या खोलीत पडद्यासमोर बसल्या होत्या. मागे धोत्रेबाई उभ्या होत्या. पडद्यावर दोन न्यायमूर्ती दिसत होते, त्यातल्या ज्येष्ठ न्यायमूर्ती बाई होत्या. कोर्टाच्या मागच्या बाकावर समृद्धीला प्रथमेश दिसला. इस्त्रीचा सदरा घालून, हात जोडल्यासारखे धरून बसला होता. ती त्याच्याकडेच बघत राहिली.

सरकारच्या वकिलांचा मुद्दा साधा होता. दार यंत्राच्या इशाऱ्यावर उघडू लागलं तर सुरक्षेचं काय? उद्या जो तो कैदी पोट धरून बसेल.

डॉक्टर मिरीकर साक्षीच्या जागी उभ्या राहिल्या. “पोट धरून बसता येतं,” त्या म्हणाल्या. “वारेतला रक्ताचा प्रवाह सोंग करून बदलता येत नाही. बदललेला दिसला तर तो बदललेला असतो.”

“पण मग तुमचं यंत्र इतकं चांगलं असताना या बायकांना आणखी काय हवंय?” वकिलांनी विचारलं.

“माझं यंत्र औषध देत नाही. शस्त्रक्रिया करत नाही. ते फक्त सांगतं.” डॉक्टर न्यायमूर्तींकडे वळल्या. “जानकी पावरांच्या वेळी त्यानं सकाळी सांगितलं. मी पुण्यात माझ्या टेबलाशी बसून तो लाल ठिपका दुपारपर्यंत बघत होते. या यंत्राच्या जोरावर जामीन नाकारला जातोय. हे उपचार आहेत असं मी कधीही म्हटलेलं नाही. म्हणणाऱ्यांनी मला विचारलेलं नाही.”

ज्येष्ठ न्यायमूर्तींनी अधीक्षक शेवड्यांना पुढे बोलावलं. इशारा आल्यापासून दार उघडेपर्यंत काय काय करावं लागतं, ते सांगा म्हणाल्या. शेवडे सांगू लागले. हे कार्यालय, ते कार्यालय, हा शेरा, ती सही. सांगता सांगता त्यांचाच आवाज बारीक होत गेला. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, “मी त्या दिवशी तिथे असतो तरी मला एकट्याला दार उघडता आलं नसतं, मॅडम.”

मग न्यायमूर्तींनी विचारलं, “जानकीबाईंना काही सांगायचंय का?”

जानकी उठून उभी राहिली. बसून बोला म्हटलं तरी ती उभीच राहिली.

“मशीन खरं बोललं,” ती म्हणाली. “मीपण बोलले. धोत्रे मॅडमपण बोलल्या. दार ऐकत नव्हतं.”

ती खाली बसली. धोत्रेबाईंनी तोंड फिरवून टोपी नीट केली.

आदेश त्याच दिवशी आला. पट्टीची कड लाल झाली की तो इशारा हाच दार उघडण्याचा हुकूम समजला जाईल. कुलूप त्याच क्षणी सुटेल, रुग्णवाहिका आत येईल, सोबत फक्त महिला कर्मचारी जाईल. कागदपत्रं नंतर होतील. गरोदर बाईला, प्रसूतीच्या वेळी आणि प्रसूतीनंतरही, बेडी किंवा दोरी लावली जाणार नाही. पट्टी लावायची की नाही हे ती बाई ठरवेल, आणि नाही लावली म्हणून तिची कुठलीही तपासणी कमी होणार नाही. पट्टी आहे या कारणानं कुणाचाही जामीन नाकारता येणार नाही, आणि ज्यांचा नाकारला त्यांचे अर्ज पुन्हा ऐकले जातील. राज्यातल्या प्रत्येक महिला कारागृहाला हे लागू.

समृद्धीला ‘प्रत्येक’ हा शब्द ऐकू आला आणि त्यानंतरचं काही ऐकू आलं नाही. जानकीनं तिचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली.

---

डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं, जोडायला एक दुपार पुरली. समृद्धीच्या जामिनाचा अर्ज पुढच्या सोमवारी ऐकला जाणार होता. तिची पट्टी त्याआधीच लाल झाली.

दुपारची जेवणं आटोपून बायका ओट्यावर ताटं घासत होत्या. शिट्टी वाजली. समृद्धीच्या हातातलं ताट घरंगळलं. आणि त्याच वेळी पटांगणाच्या टोकाला, मुख्य दारापाशी, खट्ट असा आवाज झाला.

लोखंडी दार हळूहळू बाजूला सरकलं. पलीकडचा रस्ता दिसला, रस्त्यापलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसलं, एक सायकलवाला थांबून बघताना दिसला. पटांगणातल्या सगळ्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. दारावरची पहारेकरीण बंदूक धरून तशीच थबकली. कितीतरी वर्षांत ते दार असं, कुणी न सांगता उघडलं नव्हतं.

धोत्रेबाई खोलीतून बाहेर आल्या. सवयीनं त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मग तो तिथेच थांबला.

“चल गं,” त्या समृद्धीला म्हणाल्या. “दारानं सांगितलंय.”

जानकीनं समृद्धीला दंडाला धरून चालवत नेलं. दारापाशी जमिनीवर पिवळी रेघ होती, तिच्यापलीकडे कैद्यानं जायचं नाही. जानकी रेघेपर्यंत आली, समृद्धीचा दंड तिनं धोत्रेबाईंच्या हातात दिला आणि रेघेवर पायाची बोटं टेकवून उभी राहिली.

रुग्णवाहिका आत आली होती. मागून एक शिपाई धावत आला, त्याच्या हातात बेडी होती. आजवर असंच चालायचं, म्हणून आणलेली.

“ठेव ती परत,” धोत्रेबाई म्हणाल्या. “आता लागत नाही ती.”

अधीक्षक शेवडे आपल्या कार्यालयाच्या पायरीवर येऊन उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी गाडीला रस्ता मोकळा करायला हात केला.

समृद्धीचं डोकं अजून दुखायला लागलं नव्हतं. डोळ्यांपुढे काजवे नव्हते. रुग्णालयात डॉक्टर मिरीकरांनी आधीच कळवल्यामुळे शस्त्रक्रियेची खोली तयार होती. झटके येऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन दिलं गेलं, बीपी आटोक्यात आणलं आणि संध्याकाळचे दिवे लागायच्या आत मुलगी झाली. लहानखुरी, दिवस पूर्ण भरायच्या आधीची, पण आल्याबरोबर तिनं असा काही आवाज काढला की भूल देणारे डॉक्टर हसले.

समृद्धीचे दोन्ही हात मोकळे होते. तिनं दोन्ही हातांनी तिला घेतलं.

प्रथमेश आला तेव्हा दाराशी धोत्रेबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची सरकवून त्याला आत सोडलं. तो पलंगाच्या कडेला बसला आणि बराच वेळ मुलीच्या मुठीकडे बघत राहिला.

“मी तुला सही कर म्हणालो होतो,” तो म्हणाला.

“मलापण करावीशी वाटली होती,” समृद्धी म्हणाली. “धर तिला. मान सांभाळ.”

---

सोमवारी समृद्धीला जामीन मिळाला. सरकारी वकिलांनी पट्टीचा उल्लेखही केला नाही. पुढे खटल्यात शीतगृहाची काढून टाकलेली तार समोर आली आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मालक उभा राहिला, पण ते खूप नंतर. त्या सोमवारी एवढंच झालं, की धोत्रेबाई रुग्णालयाच्या दाराशी ठेवलेली खुर्ची उचलून निघून गेल्या, आणि जाताना नर्सला म्हणाल्या, “आता आमची नाही ही. तुमची.”

जानकीचा अर्जही नजमाताईंनीच चालवला. तोही त्याच आठवड्यात मंजूर झाला. गावाकडची बस संध्याकाळची होती, म्हणून नजमाताई तिला घेऊन रुग्णालयात आल्या.

जानकी पलंगापासून थोडी दूर उभी राहिली. हातात तिची पिशवी होती. मुलगी मांडीवर झोपली होती.

“काल विदर्भात एका ठिकाणी दार उघडलं,” नजमाताई म्हणाल्या. “आपल्यानंतरचं पहिलं. बाई आणि बाळ दोघंही बरी आहेत.”

जानकीनं त्यांच्याकडे वळून बघितलं. “कोण होती?”

“नाव नाही कळलं.”

“कुणाला विचारावं लागलं?”

“नाही. पट्टी वाजली आणि उघडलं.”

जानकीनं हे मनाशी दोनदा म्हटल्यासारखं ओठ हलवले. मग तिनं पिशवी खाली ठेवली, पलंगावर येऊन बसली आणि दोन्ही हात पुढे केले. समृद्धीनं मुलगी त्यांत ठेवली. जानकीनं तिच्या टाळूला नाक लावलं, डोळे मिटले आणि बसची वेळ होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.